भिजलेली नाणी वाचवताना

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. वर्ष उलटतं तोच, २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी माणसं, गुरं, धान्य आणि कागदपत्रं यांची काळजी आधी घ्यावी लागते. नाण्यांचा डबा आठवतो तो चार-आठ दिवसांनी. तोवर पाकिटं नाण्यांना चिकटलेली असतात, तांब्यावर हिरवे ठिपके आलेले असतात आणि घरातलं कोणीतरी चिंच-मीठ घेऊन नाणी लखलखीत करायला बसलेलं असतं.

संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान बहुधा याच टप्प्यावर होतं. नुसत्या गोड्या पाण्याने नाणं सहसा बिघडत नाही. त्याला बाधतं ते पाण्याबरोबर आलेलं मीठ, आणि त्याहून जास्त घाईघाईने केलेली घासाघीस. मीठ काढता येतं. घासून गेलेला ठसा मात्र परत येत नाही.

अलिबागच्या डब्यात काय काय असतं

या भागातल्या जुन्या घरांत नाण्यांचे फार वेगवेगळे प्रकार सापडतात. आंग्र्यांनी चांदीचा ‘अलिबागी रुपया’ पाडला होता. तांब्याच्या शिवराया तर महाराष्ट्रभर चालत. चौल हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. पुढे शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीज आले. त्यामुळे संग्राहकांकडे शिशाची आणि पोटीन या तांबं-शिशाच्या मिश्रधातूची सातवाहन नाणी, चांदीच्या तारेच्या लाऱ्या आणि पोर्तुगीजांची तांब्याची नाणी असतात. त्यांच्या जोडीला राणी छाप आणि राजा छाप रुपये, चवल्या-पावल्या, भोकाचे पैसे, १९५७ नंतरचे नवे पैसे, ॲल्युमिनियमची तीन पैशांची नाणी आणि दिवाळीच्या पूजेतली चांदीची नाणी असतात.

यातला प्रत्येक धातू पाण्याशी वेगळा वागतो. म्हणून सगळ्यांना एकाच बादलीत टाकून एकच उपाय करणं चुकीचं ठरतं.

पाणी कोणतं होतं, ते आधी ठरवा

छपरातून गळलेलं पावसाचं पाणी त्यातल्या त्यात निरुपद्रवी. त्यात क्षार कमी असतात, पण पुठ्ठा, लाकूड आणि कापड भिजवून ते त्यांतली आम्लं आणि रंग नाण्यावर उतरवतं.

पुराच्या पाण्यात गाळ, सांडपाणी, खतं आणि तेल असतं. गाळाचे कण बारीक वाळूसारखेच असतात. ते ओले असताना सहज वाहून जातात, वाळले की नाण्याला घट्ट धरतात आणि पुसताना ओरखडे काढतात. अशा पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे घालावेत. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि हाताला जखम असली तर तो वाढतो.

सर्वांत घातक खारं पाणी. भरतीचं, खाडीचं किंवा वादळात उडालेल्या तुषारांचं पाणी वाळलं तरी त्यातलं मीठ नाण्याच्या छिद्रांत राहतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी अनेकदा मचूळ असतं, म्हणून छपरातून गळलेल्या पाण्याने भिजलेली नाणी त्या पाण्याने धुतली तर नसलेलं मीठ आपणच आणून घालतो.

समुद्रात बुडालेलं नाणं लगेच नष्ट होत नाही, याची एक मोठी साक्ष मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजाची आहे. ‘सिटी ऑफ कैरो’ हे ब्रिटिश जहाज ऑक्टोबर १९४२ मध्ये सुमारे शंभर टन चांदीची नाणी घेऊन मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. ६ नोव्हेंबरला सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. २०१३ मध्ये सुमारे ५,१५० मीटर खोलीवरून त्यातले कित्येक टन रुपये वर काढण्यात आले. सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही ते रुपयेच होते. मग आपल्याकडे एका रात्रीत भिजलेला डबा हातचा गेला असं मानायचं कारण नाही. मात्र खाऱ्या पाण्यातून बाहेर आलेल्या धातूला हवा लागली की गंजण्याला वेग येतो. म्हणून समुद्रातून काढलेल्या वस्तू तज्ज्ञ लगेच वाळवत नाहीत, आधी त्यांच्यातलं मीठ काढतात. घरीही हाच क्रम पाळायचा असतो.

पहिल्या दिवशी करायची कामं

काहीही हलवण्याआधी फोटो काढावेत. डबा, अल्बमची पानं आणि पाकिटांवरचा मजकूर सगळं टिपून ठेवावं. विमा असेल किंवा तलाठ्याच्या पंचनाम्यात घरातल्या सामानाचं नुकसान दाखवायचं असेल, तर हे फोटो उपयोगी पडतात. संग्राहकाला त्यांची गरज आणखी मोठी असते. नाणं कुठून आलं आणि कधी घेतलं ही नोंद भिजलेल्या पाकिटावरच असते, आणि शाई पसरायला वेळ लागत नाही.

नंतर नाणी पाकिटांतून आणि अल्बममधून बाहेर काढावीत. चिकटलेलं पाकीट ओढून सोडवू नये, नाण्यासकट स्वच्छ पाण्यात ठेवावं. तासाभरात कागद सुटतो. प्लास्टिकच्या खिशांत अडकलेल्या नाण्यासाठी खिसा कात्रीने कापावा, नाणं घासत बाहेर ओढू नये.

प्रत्येक नाण्याला त्याच्या पाकिटाचाच क्रमांक द्यावा. कागदी किंवा प्लास्टिकचे छोटे कप आणि पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या एवढं साहित्य पुरतं. पेन्सिलीचं लिखाण पाण्याने जात नाही.

शेवटी धातूनुसार वाटणी करावी. इथे साधं लोहचुंबक कामी येतं. १९४७ चे निकेलचे रुपये चुंबकाला चिकटतात. १९८८ नंतरची गेंडा छाप पावली आणि पुढची स्टीलची नाणीही चिकटतात. चांदी, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. ॲल्युमिनियम हाताला हलकं लागतं, त्यामुळे तेही लगेच वेगळं काढता येतं.

त्याच दिवशी पुढचं काम जमत नसेल तर चिखलात भरलेली तांब्याची आणि चांदीची नाणी वाळू न देता स्वच्छ पाण्यात ठेवावीत. ॲल्युमिनियम, लोखंड आणि शिसं मात्र पाण्यात ठेवू नये, लवकर धुऊन कोरडं करावं.

धुण्याची रीत

भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्यावं. स्टीलचं पातेलं आणि तांब्याचं तपेलं दोन्ही टाळावीत. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजतो. याच कारणाने एका कपात एकाच धातूची नाणी ठेवावीत, आणि तीही एकमेकांवर न रचता.

पहिलं धुणं नळाच्या साध्या पाण्याने, सौम्य धारेखाली करावं. चिखल असेल तर नाणं काठांनी धरून पाण्यात हलवावं. बोट फिरवू नये. खाचेत अडकलेला गाळ मऊ केसांच्या कुंचल्याने टिपावा. टूथब्रश कितीही मऊ असला तरी चालत नाही. तेलकटपणा असेल तर भांड्यांच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब पाण्यात टाकावेत, आणि ते पूर्ण निघून जाईपर्यंत धुवावं.

त्यानंतर खरं काम डिस्टिल्ड पाण्याचं. बॅटरीत घालायचं हे पाणी गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. ॲल्युमिनियम, लोखंड आणि शिसं सोडून बाकीची नाणी त्यात बुडवून ठेवावीत आणि रोज पाणी बदलावं. पावसाच्या पाण्याने भिजलेल्या नाण्यांना एखादा दिवस पुरतो. पुराच्या पाण्यातल्या नाण्यांना दोन-तीन दिवस लागतात. खाऱ्या पाण्यातल्या तांब्याच्या आणि चांदीच्या नाण्यांना आठवडा किंवा त्याहून जास्त काळही लागू शकतो.

मीठ निघालं का, हे कळायला एक साधी परीक्षा आहे. नाणी ज्या डिस्टिल्ड पाण्यात होती त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. पांढरा ढग उठला तर पाण्यात अजून क्लोराइड आहे. पाणी स्वच्छ राहिलं तर बाहेर यायचं बहुतेक मीठ आलेलं आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे द्रावण असतं आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ही परीक्षा पाठ असते. थेंब नाण्यावर पडू देऊ नये. तो त्वचेवर काळे डागही पाडतो.

वाळवण्याची रीत

धुतलेलं नाणं जुन्या, मऊ सुती कापडावर ठेवून वरून टिपावं. दोन्ही बाजूंनी दाबून पाणी शोषून घ्यायचं, पुसायचं नाही.

अलिबागेत जून ते सप्टेंबर हवाच ओलसर असते. नाणं टेबलावर ठेवून ते आपोआप कोरडं होईल ही आशा या दिवसांत फोल ठरते. पंख्याच्या वाऱ्यात पाच-सहा तास ठेवल्यावर नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावीत. दुसऱ्या दिवशी जेल तपासावं. ओलं झालं असेल तर बदलावं. उन्हात, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर नाणी वाळवू नयेत. तापल्याने रंग बदलतो आणि दोन धातूंच्या नाण्याचा जोडही सैल होऊ शकतो.

अक्षरांच्या खाचांतलं शेवटचं पाणी काढायला शुद्ध ॲसिटोन चांगलं. ते पाण्यात मिसळतं आणि झटकन उडून जातं. जुन्या प्लास्टिक पाकिटांनी सोडलेला चिकट हिरवट थरही त्याने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर त्याच्या जागी वापरू नये, त्यात तेल आणि रंग असतात. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ, गॅस आणि देवाचा दिवा दोन्हींपासून लांब करावं.

कोणत्या धातूला काय सोसतं

सोनं: पाण्याने त्याला काही होत नाही. फक्त ते मऊ असतं, त्यामुळे होन किंवा मोहर कापडाने घासली तरी ओरखडे पडतात.

चांदी: १९४० पूर्वीच्या ब्रिटिश रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. अशी नाणी काळी पडतात ती हवेतल्या गंधकाने. तो काळेपणा पातळ आणि एकसारखा असेल तर तसाच राहू द्यावा, जाणकार त्याला पसंतच करतात. खाऱ्या पाण्यात बराच काळ राहिलेल्या चांदीवर राखाडी, मेणासारखा थर येतो. तो चांदीच्या क्लोराइडचा असतो आणि त्यात मूळ ठसा अडकलेला असतो. तो घरी काढू नये. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आणि तांबं ४० टक्के आहे. त्यांच्यावर हिरवे डाग दिसले तर त्यांना तांब्याच्या नाण्यांसारखंच जपावं.

निकेल आणि तांबं-निकेल: १९९० च्या दशकातली दोन आणि पाच रुपयांची नाणी या दुसऱ्या मिश्रधातूची आहेत. ती चिवट असतात. धुऊन, वाळवून ठेवली की सहसा पुरतं.

ॲल्युमिनियम: एक, दोन, तीन, पाच पैशांची ही नाणी खाऱ्या पाण्यात खड्डे पडून झिजतात. सोड्याने त्यांची आणखी हानी होते. त्यांना फक्त साधं पाणी, डिस्टिल्ड पाणी आणि लगेच कोरडं कापड द्यावं.

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं: कडं आणि मधली चकती यांच्या फटीत पाणी थांबतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. धुतल्यावर ॲसिटोनमध्ये बुडवणं याला सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

शिसं: सातवाहनांची शिशाची नाणी डिस्टिल्ड पाण्यातही भिजत ठेवू नयेत, त्याने शिसं झिजतं. त्यांच्यावरची पांढरी भुकटी विषारी असते. हातमोज्यांशिवाय ती हाताळू नये आणि झटकू नये.

तांब्याचा रोग

तांब्याच्या आणि काशाच्या नाण्यांवर दोन तऱ्हेचा हिरवेपणा येतो, आणि त्यांतला फरक ओळखणं या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य आहे.

गडद हिरवा किंवा तपकिरी, गुळगुळीत, नाण्याला घट्ट धरून असलेला थर म्हणजे नाण्याचं कवच. शिवराईवर तो शेकडो वर्षांत तयार झालेला असतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तेव्हा जी गोष्ट रात्रीत होते, तिचाच हा संथ आणि स्थिर झालेला अवतार. तो काढला की नाण्याचं वयही जातं आणि किंमतही.

फिकट हिरवी, पोपटी, भुकटीसारखी, नखाने निघणारी बुरशीवजा वाढ मात्र रोग असते. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तांब्याशी मिळून एक संयुग बनवतं. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते संयुग भुकटीत बदलतं आणि त्यातून सुटलेलं आम्ल पुढच्या थरातलं तांबं खातं. मीठ आत असेपर्यंत हे चक्र चालू राहतं. म्हणून स्वच्छ दिसणारी शिवराई पुढच्या पावसाळ्यात अचानक पोपटी ठिपक्यांनी भरते.

शंका असेल तर धुऊन वाळवलेलं नाणं एका डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी, पण त्याला न टेकवता, एक-दोन दिवस ठेवावं. पोपटी ठिपके नव्याने उमटले तर रोग जिवंत आहे. असं नाणं लगेच इतरांपासून वेगळं करून सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावं. डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिली तर प्रक्रिया थांबल्यासारखी होते.

मीठ बाहेर काढायला तज्ज्ञ सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण वापरतात. ते आठवडे, कधी महिनेही चालतं आणि त्याने नाण्याचा रंग बदलू शकतो. बेन्झोट्रायझोल नावाचं संरक्षक रसायनही वापरतात, पण ते शरीराला अपायकारक आहे. किमती नाण्यावर यांतलं काहीही घरी करून पाहू नये.

स्वयंपाकघरातले उपाय आणि त्यांचा परिणाम

लिंबू, चिंच, कोकम आणि व्हिनेगर यांनी तांबं चमकतं, कारण आम्ल वरचा थर खाऊन टाकतं. भांड्याला ते चालतं, त्याला पुन्हा घासायचंच असतं. नाण्यावरचा ठसा मिलिमीटरच्या अंशाइतकाच उंच असतो, आणि दरवेळी त्यातला थोडा जातो. मीठ घातलं तर ज्या क्लोराइडला काढायला आठवडा घालवला तेच परत आत शिरतं.

भांडी घासायची पावडर, राख, टूथपेस्ट आणि रांगोळी ही सगळी घासणारी द्रव्यं आहेत. ॲल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि मीठ यांचा जो उपाय दागिन्यांसाठी सांगितला जातो, त्याने चांदीच्या नाण्यावरचा काळेपणा जातो, पण पृष्ठभाग निस्तेज, मेल्यासारखा होतो. खोबरेल तेल चोळल्यानेही फायदा नाही. ते ओलावा अडवण्यापेक्षा धूळ धरून ठेवतं आणि कालांतराने खवट होतं.

लक्ष्मीपूजनातलं चांदीचं नाणं किंवा देवघरातला टाक वेगळा. त्यांना दूध-पाण्याने स्नान घालायची आणि उजळायची घरची रीत असते. त्यांचं मोल पूजेतलं आहे. संग्रहातल्या नाण्याला मात्र ती रीत लावू नये. घासलेलं नाणं जाणकाराच्या भिंगाखाली लगेच ओळखू येतं आणि त्याची किंमत उतरते.

भिजलेल्या नोटा

नाण्यांच्या अल्बममध्ये जुन्या नोटाही असतील तर त्या आधी वेगळ्या कराव्यात. एकमेकींना चिकटलेल्या नोटा ओढू नयेत. टिपकागदांच्या मध्ये ठेवून, वर हलकं वजन देऊन आणि कागद वरचेवर बदलून त्या वाळवाव्यात. चलनातली नोट खराब झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार बँकेत बदलून मिळू शकते, पण तिथे मिळेल ते दर्शनी मूल्य, संग्रहातलं नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. ती बिघडली तर बँकेचा उपयोग नाही.

तज्ज्ञांकडे कधी जावं, आणि कायदा काय म्हणतो

चांदीवर मेणासारखा थर, तांब्यावर जिवंत रोग, शिशाचं किंवा पोटीनचं नाणं, दोन नाणी एकमेकांना घट्ट चिकटलेली, किंवा अलिबागी रुपयासारखं सहसा न मिळणारं नाणं, यांपैकी काहीही असेल तर हात थांबवावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. नाणी ओळखण्यासाठी आणि अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

वादळानंतर किनाऱ्यावर किंवा पडलेल्या भिंतीच्या पायात जुनी नाणी सापडली तर ती आपल्या डब्यात टाकून चालत नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

पुढच्या पावसाआधी

कोकणात मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात. त्याच यादीत नाण्यांचा डबा घालावा. प्लायवूडचं आणि एमडीएफचं फर्निचर आम्लाची वाफ सोडतं, म्हणून नाणी त्यात उघडी ठेवू नयेत. पीव्हीसीची पाकिटं काढून पॉलिएस्टरची वापरावीत. रबर बँड, लोकरी कापड आणि डांबर गोळ्या डब्यात घालू नयेत, त्यांतून येणारी वाफ धातूला बाधते.

डबा हवाबंद असावा. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवावा. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते भरलं कधी हे दिसतं आणि ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. डब्याची जागा समुद्राकडच्या भिंतीला लागून नसावी, जमिनीवर तर नाहीच, आणि माळ्यावर थेट कौलांखालीही नको. ‘निसर्ग’मध्ये छपरं आधी गेली, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सर्वांत स्वस्त विमा मोबाइलमध्येच आहे. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, धातू आणि ते कुठून मिळालं याची एक ओळ एवढी नोंद करावी, आणि तिची प्रत अलिबागबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवावी. पाकिटं भिजली तरी मग कोणतं नाणं कोणतं, याचा शोध नव्याने घ्यावा लागत नाही.